आधी बाटली, मग यंत्र

मानेतली गाठ काढली जाते, हाताशी असलेल्या बाटलीत पडते. प्रयोगशाळेत झाकण उघडताच फॉर्मॅलिनचा वास येतो, आणि सोबतच्या फॉर्मवर लिहिलेले असते : ‘टिश्यू फॉर सीबीनॅट’. त्या तुकड्याची हिस्टोपॅथॉलॉजी होईल. कल्चर मात्र गेले आणि जलद चाचणीचा भरवसाही गेला. मग रुग्णाला पुन्हा टेबलावर घ्या, नाहीतर अंदाजाने औषधे सुरू करा.

फुप्फुसाबाहेरच्या क्षयरोगात कोणती जलद चाचणी सरस, असे आपण एकमेकांना नेहमी विचारतो. उत्तर अवयवागणिक बदलते. सीएसएफमध्ये किंवा छातीतल्या पाण्यात जंतू मोजकेच असतात. जुन्या एक्सपर्टला (आपल्याकडचे सीबीनॅट) मिलिलिटरमागे शंभरावर जंतू लागतात, 2017 मध्ये आलेल्या अल्ट्राला सुमारे 16 पुरतात. कारण जंतूच्या जनुकसंचात ज्यांच्या अनेक प्रती असतात असे दोन खंड अल्ट्रा शोधते. 2021 च्या कॉक्रेन आढाव्यात, कल्चरशी ताडून पाहता, सीएसएफमध्ये एक्सपर्टची संवेदनशीलता सुमारे 71 टक्के आणि अल्ट्राची 89 टक्के भरली. प्लुरल फ्लुइडमध्ये हेच आकडे 50 आणि 75. याची किंमतही मोजावी लागते : प्लुरल फ्लुइडमध्ये विशिष्टता 99 वरून 87 टक्क्यांवर येते.

गोव्याच्या मोलबायोचे ट्रूनॅट बॅटरीवर चालते, म्हणून जिथे विजेचा भरवसा नाही तिथेही ते पोहोचते. मात्र जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये त्याची शिफारस केली ती थुंकीवरच्या पुराव्याच्या बळावर. ती जशीच्या तशी सीएसएफला लावणे घाईचे आहे. शिवाय रिफाम्पिसिनसाठी त्यात वेगळी चिप लावावी लागते, हे रिपोर्टची वाट पाहणाऱ्या डॉक्टरांना माहीत हवे.

अल्ट्राचा ‘ट्रेस’ निकाल पाहून अनेकजण गोंधळतात. फुप्फुसाबाहेरच्या नमुन्यात ट्रेस म्हणजे पॉझिटिव्ह, असे मानून उपचार सुरू करावेत. पूर्वी क्षयरोगाचे उपचार झालेल्या रुग्णात मात्र मेलेल्या जंतूंचा डीएनएही सापडू शकतो, तेव्हा इतिहास विचारल्याशिवाय निर्णय नको. ट्रेसमध्ये रिफाम्पिसिनचा निकाल मिळत नाही. म्हणून कल्चर लावलेच पाहिजे.

आमचे मागणे साधे आहे. गाठीचे दोन भाग करा : एक फॉर्मॅलिनमध्ये, दुसरा नॉर्मल सलाइनमध्ये. सीएसएफ चार थेंब पाठवू नका. शक्य तिथे सहा मिलिलिटर किंवा जास्त द्या, म्हणजे सेंट्रिफ्यूज करून गाळ तपासता येईल. प्लुरल फ्लुइड निगेटिव्ह आले आणि शंका कायम असली, तर बायोप्सीचा विचार करा. आणि मेनिंजायटिसचा संशय दाट असताना निगेटिव्ह रिपोर्टमुळे औषधे थांबवू नका. तिथे गेलेला दिवस परत मिळत नाही.

उद्या सकाळी ओटीतल्या ट्रेवर फॉर्मॅलिनशेजारी सलाइनची एक बाटली ठेवा. कोणते यंत्र चांगले, हा वाद त्यानंतर घालू.