मिसिसिपीचे ८७ टक्के

अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी ३ नोव्हेंबर १९६४ रोजी मतदान झाले. लिंडन जॉन्सन यांना देशभरात ६१ टक्के मते पडली. समोरचे बॅरी गोल्डवॉटर पन्नासपैकी सहाच राज्ये जिंकू शकले. त्या सहांत मिसिसिपी होते: कापसाचे, खेड्यापाड्यांचे, अमेरिकेतल्या सर्वांत गरीब राज्यांपैकी एक. तिथे गोल्डवॉटर यांना ८७ टक्के मते मिळाली. त्याच वर्षी सिनेटमध्ये नागरी हक्क कायद्याच्या विरोधात मत दिलेला हा उमेदवार. आणि राज्यात दर शंभर माणसांमागे बेचाळीस कृष्णवर्णीय.

मिसिसिपीने असा कौल दिला, असे लिहून आपण सहज मोकळे होतो. पण कौल दिला कोणी? राज्याची लोकसंख्या सुमारे २२ लाख आणि एकूण मते पडली ४ लाख ९ हजार. मतदानाच्या वयाच्या कृष्णवर्णीयांपैकी यादीत नाव असलेले शंभरात सातसुद्धा नव्हते. होम्स काउंटीचे उदाहरण घ्या. तिथली सुमारे सत्तर टक्के वस्ती कृष्णवर्णीय, आणि गोल्डवॉटर यांची मते पंच्याण्णव टक्क्यांच्या वर. या आकड्यातून होम्स काउंटीचे मत कळत नाही. तिथे मतपेटीपर्यंत कोणाला पोहोचू दिले, एवढेच कळते.

नेहमीच असे नव्हते. गुलामगिरी संपल्यावर कृष्णवर्णीय पुरुषांना मताधिकार मिळाला आणि १८७० मध्ये याच मिसिसिपीने हायरम रेव्हेल्स यांना सिनेटवर पाठवले. सिनेटमध्ये बसणारे ते पहिले कृष्णवर्णीय. मग बंदूक, चाबूक, मतपत्रिकांची चोरी, सगळे झाले. तेवढ्यावर समाधान होईना म्हणून १८९० मध्ये राज्याची नवी घटना लिहिली गेली. त्या घटना परिषदेत १३४ सदस्य होते, पैकी कृष्णवर्णीय एकच, आयझाया माँटगोमेरी. त्यांनीही मताधिकार आखडण्याच्या कलमांना पाठिंबा दिला. शांततेसाठी ही किंमत मोजावी, असे त्यांचे म्हणणे. (असा एखादा सदस्य आपल्याकडच्या समित्यांतही भेटतो. त्याला बोलावलेले असते तेवढ्यासाठीच.)

त्या कलमांत वर्णाचा उल्लेख नव्हता. दोन डॉलर मतदान कर भरा, आणि राज्यघटनेचे एखादे कलम वाचून दाखवा किंवा वाचून दाखवल्यावर त्याचा अर्थ सांगा, एवढेच लिहिले होते. नियम सर्वांना सारखा. १८९८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही त्यात काही वावगे पाहिले नाही.

सारखेपणा कुठे संपायचा ते पाहा. कोणते कलम द्यायचे आणि उत्तर बरोबर की चूक, हे नोंदणी कचेरीतला गोरा अधिकारी ठरवायचा. १९५४ नंतर तर वाचणे, लिहिणे आणि अर्थ सांगणे, तिन्ही सक्तीचे झाले. गोऱ्या अर्जदाराच्या वाट्याला ‘कर्जापायी कोणाला कैद होणार नाही’ अशा अर्थाचे एका ओळीचे कलम यायचे. कृष्णवर्णीयाच्या वाट्याला वकिलालाही घाम फुटावा असे. हॅटिसबर्गमध्ये पदव्युत्तर पदवी घेतलेले कृष्णवर्णीय शिक्षक या परीक्षेत नापास झाले. मुलांना शिकवायला पात्र, मत द्यायला अपात्र! केंद्र सरकारला त्या नोंदणी अधिकाऱ्याविरुद्ध न्यायालयात जावे लागले. १९६२ मध्ये आणखी एक कायदा आला: अर्ज करणाऱ्याचे नाव दोन आठवडे स्थानिक वर्तमानपत्रात छापायचे. म्हणजे मालकाला, बँकेला आणि रात्री घरावर गोळ्या झाडणाऱ्यांना आयतीच यादी.

फॅनी लू हेमर यांचे नाव आपल्या मुलींना ठाऊक असायला हवे. वीस भावंडांतल्या त्या सर्वांत धाकट्या. सहाव्या वर्षापासून कापूस वेचला, शाळा जेमतेम सहा वर्षे. ३१ ऑगस्ट १९६२ रोजी त्या नाव नोंदवायला इंडियनोला गावी गेल्या आणि चाचणीत नापास झाल्या. परतताना पोलिसांनी बस अडवली, बसचा रंग फार पिवळा आहे म्हणून दंड केला. संध्याकाळी मळ्याच्या मालकाने सांगितले, अर्ज मागे घे नाहीतर चालती हो. अठरा वर्षे राबलेला मळा त्यांनी त्याच दिवशी सोडला. तिसऱ्या खेपेला, जानेवारी १९६३ मध्ये, त्या पास झाल्या. जूनमध्ये विनोना गावच्या तुरुंगात त्यांना इतके मारले की ती दुखणी आयुष्यभर सोबत राहिली.

ऑगस्ट १९६४ मध्ये त्या आपल्या नव्या पक्षातर्फे, मिसिसिपी फ्रीडम डेमोक्रॅटिक पार्टीतर्फे, डेमोक्रॅटिक अधिवेशनात उभ्या राहिल्या. फक्त गोऱ्यांचे शिष्टमंडळ मिसिसिपीचे प्रतिनिधी कसे, हा त्यांचा सवाल. त्यांची साक्ष दूरचित्रवाणीवर चालू असताना जॉन्सन यांनी घाईने पत्रकार परिषद बोलावून कॅमेरे आपल्याकडे वळवले. नंतर तडजोड म्हणून दोन जागा देऊ केल्या; हेमर आणि त्यांच्या सोबत्यांनी त्या नाकारल्या. दक्षिणेतले गोरे नाराज होऊ नयेत, म्हणून हा सगळा खटाटोप. नोव्हेंबरात मिसिसिपीचे तेच गोरे गोल्डवॉटर यांच्याकडे गेले. अपमान झालेला फ्रीडम पक्ष मात्र जॉन्सन यांचाच प्रचार करत होता, आणि त्याच्या बहुतेक माणसांना मतच नव्हते.

हे सगळे आज सांगायचे कारण आपल्याच गटांत फिरणारे एक वाक्य. ‘अडाण्यांना मताधिकार दिला, तिथेच देश बिघडला.’ सवर्ण म्हणतात त्याचे नवल नाही. आपल्या घरात पहिली पदवी आणलेली मुलेही ते पुढे ढकलतात, तेव्हा वाईट वाटते. पदवी मिळाली की आपण परीक्षा घेणाऱ्याच्या खुर्चीत बसलो, असे वाटू लागते. हॅटिसबर्गच्या शिक्षकांना ती खुर्ची मिळाली नाही. ज्या व्यवस्थेने पिढ्यान्‌पिढ्या शाळेचे दार बंद ठेवले, तीच उद्या दारात उभी राहून विचारते, वाचता येते का?

बाबासाहेबांना हा डाव पुरता ठाऊक होता. १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे त्यांनी अस्पृश्यांच्या मताधिकाराची बाजू मांडली आणि १९२८ मध्ये सायमन आयोगापुढे प्रौढ मताधिकार मागितला. १९३५ च्या कायद्यातही मत हे मालमत्ता, कर आणि शिक्षण यांना बांधलेलेच होते. संविधानाच्या कलम ३२६ ने ती गाठ सोडली. तेव्हा देशात साक्षर होते शंभरात अठरा. आपल्या आज्यांनी चिन्ह ओळखून मत दिले, तेही या कलमामुळे.

ती गाठ पुन्हा बांधायला पाहणारे आहेत. हरियाणाने २०१५ मध्ये पंचायतीच्या उमेदवारांना शिक्षणाची अट घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याच डिसेंबरात ती उचलून धरली. शिक्षणामुळेच माणसाला बरेवाईट कळते, अशा आशयाचे कारण निकालपत्रात आहे. राजस्थानने तशीच अट घातली होती, ती २०१९ मध्ये मागे घेतली. अट उमेदवारांना आहे, मतदारांना नाही, हे खरे. पण ज्या बाईला सरपंच व्हायला अडाणी ठरवले, तिला मतदार म्हणून शहाणी किती दिवस मानणार?

मिसिसिपीत ६ ऑगस्ट १९६५ च्या मताधिकार कायद्याने चाचणी थांबवली आणि केंद्राचे नोंदणी अधिकारी काउंट्यांत उतरले. दोन वर्षांत यादीतले कृष्णवर्णीय शंभरात सातांवरून साठाच्या आसपास गेले. लोक तेच आणि त्यांचे शिक्षणही तेवढेच. १९६७ मध्ये होम्स काउंटीने रॉबर्ट क्लार्क या कृष्णवर्णीय शिक्षकाला राज्याच्या विधिमंडळात निवडून पाठवले. त्या शतकात तिथे पोहोचलेले ते पहिलेच. सभागृहात दोघांनी बसायचे बाक होते. क्लार्क त्यांच्या बाकावर कित्येक वर्षे एकटेच बसत.