टू-स्ट्रोकचे मोल ठरते गॅरेजात

पन्हाळ्याच्या परिसरातील चिखलवाटा तुडवू पाहणाऱ्या कोल्हापुरातील हौशी चालकापुढे टू-स्ट्रोकचे दोन पर्याय असतात. एक, १९९६ मध्ये उत्पादन थांबलेली यामाहा आरएक्स १००. दुसरा, परदेशातून आणावी लागणारी केटीएम ३०० ईएक्ससीसारखी खास एंड्युरो गाडी. कामगिरीत केटीएम निर्विवाद सरस आहे. खडकाळ चढणीसाठी लागणारे सस्पेन्शन आरएक्सकडे नाही.

टिकाऊपणाचा हिशेब मात्र निराळा आहे. एंड्युरो इंजिनाची देखभाल किलोमीटरवर नव्हे, तर तासांवर ठरते. ठरावीक तासांनी पिस्टन बदलावाच लागतो. आरएक्सच्या सिलिंडरमधील बिडाचा स्लीव्ह झिजला, तर शिवाजी उद्यमनगरात बोअर करून मोठा पिस्टन बसविता येतो. केटीएमच्या सिलिंडरवर विशिष्ट मुलाम्याचा पातळ थर असतो. तो खरवडला गेल्यास नवा मुलामा देणे किंवा सिलिंडरच बदलणे भाग पडते. सुटा भाग येईपर्यंत गाडी उभी राहते. शिवाय नोंदणीअभावी ती रस्त्यावर चालविता येत नाही. टेम्पोचा खर्च वेगळाच.

तात्पर्य, स्पर्धेत उतरणाऱ्यालाच केटीएमचा खर्च परवडावा. रविवारच्या हौसेला आरएक्स पुरेशी आहे. मात्र बनावट सुट्या भागांपासून सावध राहिले तरच.