राज्यमाता आणि माझी माय

३० सप्टेंबर २०२४ ला महाराष्ट्र सरकारनं देशी गायीला 'राज्यमाता-गोमाता' केलं. गोशाळेतल्या देशी गायीमागं रोज ५० रुपये अनुदान ठरवलं. दोस्तहो, माझ्या वाट्याला दोन माता आल्या. एक सरकारी. दुसरी माझी माय, जी नागपूरबाहेरच्या एका गोशाळेत शेण काढत होती.

सरकारी मातेच्या कानात बारा आकडी नंबरचा बिल्ला. गोशाळेची नोंद गोसेवा आयोगाकडं. माझ्या मायचं नाव कुठल्याच वहीत नाही. हजेरी नाही, पायात गमबूट नाही, हातात मोजे नाही. संध्याकाळी हातावर दोनशे टेकवले की हिशेब संपला.

एका सकाळी गाय मेली. मॅनेजर मायला म्हणाला, "बाई, तुमच्यातला कोणी बोलाव. ढोर ओढा लागते."

मी गिरणीतून रातपाळी करून पडलो होतो. माय आली. "जातं का रे बाप्पा?"

"माय, काहून जाऊ?"

ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिचं काम बंद.

१९२७ साली महाडात बाबासाहेबांनी मेलेल्या ढोराचं मांस सोडा म्हणून सांगितलं. आपल्या आज्यापणज्यांनी ढोरं ओढणंही टाकलं. गावानं वाळीत टाकलं, तरी टाकलं. तेच काम आता सरकारी अनुदानाच्या फाटकातून परत आपल्या दारात येतं. जिवंत आहे तोवर त्यांची माता, मेली की आपलं ढोर!

आणि ओढलं तरी सुटका कुठं? गुजरातेत उना तालुक्यात जुलै २०१६ मध्ये मेलेल्या गायीचं कातडं काढणाऱ्या आपल्या पोरांना गाडीला बांधून मारलं. तेव्हा लोकांनी सुरेंद्रनगरच्या कलेक्टर कचेरीपुढं मेलेली जनावरं आणून टाकली. जवाब असा असतो.

गायीशी माझं भांडण नाही. भुकं जनावर पाहून माझ्याही पोटात कालवतं. पण २०१५ च्या कायद्यानं बैल-वळूच्या कत्तलीवर बंदी आली, पाच वर्षांपर्यंत कैद आली. विदर्भातल्या कास्तकाराच्या म्हाताऱ्या बैलाला गिऱ्हाईक उरलं नाही. आता त्याच्या दावणीला या योजनेतला एक रुपया नाही. पैसा नोंदणीवाल्या गोशाळेला. तोही देशी गायीपुरता. जर्सीला नाही, काळ्या म्हशीला तर नाहीच. पोट तर त्यांनाही आहे! वर्णव्यवस्था गोठ्यातही शिरली म्हणायची.

सभेत राज्यमातेची टिंगल करून टाळ्या घेणं सोपं आहे. मीही घेतल्या. त्या टाळ्यांनी मायचा एक दिवसाचा रोज भरून निघाला नाही.

म्हणून मागणी सरळ करा. सरकारी पैसा घेणाऱ्या प्रत्येक गोशाळेत माणसांची हजेरी लागली पाहिजे, किमान वेतन मिळालं पाहिजे, गमबूट-मोजे मिळाले पाहिजेत. मेलेलं जनावर यंत्रानं उचला, खर्च संस्थेनं करावा. जात विचारून माणूस बोलावला तर अनुदान बंद!

माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. दहा रुपयांचा अर्ज लागतो. आपल्या तालुक्यातल्या गोशाळेला किती मिळाले, किती जनावरांवर मिळाले, किती माणसं कामाला आहेत, त्यांना काय दिलं, विचारा. जनावरांचा आकडा लगेच निघेल. माणसांचा निघत नाही, तिथून लढाई सुरू.

आमचा अर्ज गेला आहे. सही मायची आहे.

जय भीम.