निष्ठा फक्त मुलींनीच का पाळायची?



२०२५ च्या एप्रिलमधला पहिला रविवार. एका मित्राच्या बेसमेंटमध्ये आम्ही दहा-बाराजण महिलांच्या कॉलेज बास्केटबॉलचा अंतिम सामना बघत होतो. कनेक्टिकटने साउथ कॅरोलायनाला ८२-५९ असं सहज हरवलं, त्यामुळे उत्तरार्धात बघण्यापेक्षा बोलणंच जास्त झालं. बटाटेवड्यांची दुसरी फेरी चालू असताना एकजण म्हणाला, "या पोरींना आता निष्ठा म्हणून काही उरलेली नाही. दर वर्षी नवं विद्यापीठ, नवी जर्सी. सगळा बाजार करून टाकलाय." बाकीच्यांनी माना डोलावल्या.

बोलणारा माझा जुना मित्र आहे, माणूस भला आहे, आणि सध्या त्याच्या पाचव्या कंपनीत आहे. खोलीतल्या सगळ्यांच्या आजवरच्या नोकऱ्यांची बेरीज केली असती तर ती तिशीच्या पुढे गेली असती. त्यात माझ्या चार. दुसऱ्याच्या घरी जेवायला गेले होते म्हणून तेव्हा वाद घातला नाही. तो आता घालते.

ज्यांना या खेळात रस नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. कॉलेज क्रीडाक्षेत्राचा कारभार एनसीएए ही संस्था बघते. २०१८ पर्यंत खेळाडूला विद्यापीठ बदलायचं असेल तर दुसरीकडच्या कोचशी बोलण्याआधी स्वतःच्या विद्यापीठाची परवानगी लागे. परवानगी न मिळताच गेली, तर नव्या जागी पहिलं वर्ष क्रीडा-शिष्यवृत्ती नाही. शिवाय बास्केटबॉलच्या खेळाडूला नव्या संघात एक वर्ष नुसतं बसून काढावं लागे. ही सक्ती सगळ्या खेळांना नव्हती. फुटबॉल, बेसबॉल, पुरुषांची आइस हॉकी आणि स्त्री-पुरुष दोघांचं बास्केटबॉल, एवढ्या पाचांनाच होती. पोहणारी किंवा टेनिस खेळणारी मुलगी एकदा विद्यापीठ बदलून लगेच स्पर्धेत उतरू शकत होती. कारण असं सांगितलं जाई, की मुलांना अभ्यासात स्थिरावायला वेळ मिळावा. पोहणाऱ्या मुलीला तो वेळ का लागत नाही, याचं समाधानकारक उत्तर मी कधी ऐकलं नाही.

ऑक्टोबर २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल सुरू झालं आणि परवानगीच्या जागी नुसती सूचना आली. खेळाडूने सांगायचं, विद्यापीठाने तिचं नाव यादीत घालायचं. एप्रिल २०२१ मध्ये एकदा विनाशर्त बदलाची मुभा सर्व खेळांना मिळाली. त्याच वर्षी जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि छबीवर पैसे मिळवता येऊ लागले. काही राज्यांनी एनसीएएवर खटला भरला, डिसेंबर २०२३ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या फेडरल न्यायालयाने बदलांवरच्या निर्बंधांना स्थगिती दिली, आणि एप्रिल २०२४ मध्ये 'किती वेळा' ही मर्यादाच गेली. अभ्यासात पात्र असलात म्हणजे झालं. यातलं बरंचसं न्यायालयांच्या आणि राज्यांच्या कायद्यांच्या दबावाखाली झालं, हे लक्षात ठेवायला हवं.

परिणाम डोळ्यांसमोर आहे. २०२३ मध्ये एलएसयूने विजेतेपद मिळवलं तेव्हा स्पर्धेची सर्वोत्तम खेळाडू ठरलेली एंजल रीस मेरीलँडहून आलेली होती. २०२४ मध्ये साउथ कॅरोलायना एकही सामना न हरता जिंकली, तेव्हा हाच मान मिळालेली कमिला कार्डोसो सिरॅक्यूजहून आलेली. टीसीयूची गोष्ट तर विलक्षण आहे. जानेवारी २०२४ मध्ये दुखापतींमुळे त्यांच्याकडे पुरेशा खेळाडू उरल्या नाहीत. दोन सामने सोडून द्यावे लागले, विद्यापीठातल्या मुलींची खुली निवडचाचणी घ्यावी लागली. पुढच्याच हंगामात लुइव्हिल आणि एलएसयू करून आलेली हेली व्हॅन लिथ संघात आली आणि टीसीयू पहिल्यांदाच देशातल्या शेवटच्या आठांत पोचलं. डिव्हिजन वनमध्ये महिलांचे साडेतीनशेहून जास्त संघ आहेत. अलीकडे दर वसंतात त्यांतल्या हजाराहून जास्त मुली पोर्टलमध्ये नाव घालतात.

आता निष्ठेचं बोलू. आम्ही बघत होतो त्याच सामन्यात कनेक्टिकटकडून केटलिन चेन खेळत होती. तिने आधी प्रिन्स्टनची पदवी पूर्ण केली. आयव्ही लीग पदव्युत्तर विद्यार्थ्यांना खेळू देत नाही आणि तिचं खेळायचं एक वर्ष शिल्लक होतं, म्हणून ती आली. हिने कोणाचा विश्वासघात केला? आणि कोचचं काय? २०२१ च्या एप्रिलमध्ये किम मल्की बेलर सोडून एलएसयूला गेल्या. त्यांना कोणी वर्षभर बसायला सांगितलं नाही. दोनच वर्षांत त्यांनी नव्या जागी विजेतेपद मिळवलं आणि आपण टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, आणि त्यात गैर काही नव्हतं. पण कोचने मोठ्या पगाराची जागा घेतली की ती कारकीर्द, आणि वीस वर्षांच्या मुलीने तेच केलं की तो बाजार, हा हिशेब मला पटत नाही. त्या मुलीला मन वळवून आणणारा कोच निघून गेल्यावर तिने नेमकी कोणाशी निष्ठा ठेवायची? जर्सीच्या रंगाशी?

आपण एच-१बी वाली माणसं. आपल्याला तर हे सांगायलाच नको. ऑक्टोबर २००० मध्ये कायदा बदलला आणि नव्या कंपनीने अर्ज दाखल केल्याबरोबर तिथे कामाला लागायची सोय झाली. आपल्यातल्या बहुतेकांनी ती वापरली. ज्यांनी आधीचे दिवस बघितले ते सांगतात, की मालक रजा देईना, पगार वाढवेना, आणि तरी हलता येत नसे. मी स्वतः पोस्टडॉक असताना दुसऱ्या प्रयोगशाळेत जायचं म्हटल्यावर प्रमुखांनी शिफारसपत्र द्यायला सात महिने लावले. त्या सात महिन्यांत 'संस्थेशी निष्ठा' हे शब्द मी इतक्या वेळा ऐकले की आजही ते कानावर पडले की कोण बोलतंय हे आधी बघते. बहुधा ज्याची खुर्ची पक्की आहे, तोच बोलत असतो.

पण आपल्याला आणखी एक गोष्ट माहीत आहे, आणि माझ्या मते खरा मुद्दा तिथे आहे. एच-१बी वर नोकरी बदलता येते, पण ग्रीन कार्डच्या वाटेवर असताना बदलली आणि आय-४८५ दाखल होऊन १८० दिवस झालेले नसले, तर लेबर सर्टिफिकेशनपासून पुन्हा सुरुवात. नोकरी गेली तर नवी शोधायला फार तर साठ दिवस. जाण्याचा हक्क कागदावर आहे, तो वापरायची किंमत मात्र आपणच मोजायची. असलं अर्धं स्वातंत्र्य आपण अंगावर काढलंय. या मुलींना मिळालंय ते नेमकं तेच.

माझ्या प्रयोगशाळेत पदवीची एक विद्यार्थिनी दोन वर्षं काम करत होती. आमच्या विद्यापीठाच्या संघात गार्ड. पहाटे सराव, दुपारी माझ्याकडे पिपेट हातात. बायोकेमिस्ट्री करायची होती. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी तिला निवडून आणणारा कोच मोठ्या विद्यापीठात गेला. नव्याने तिला सरळच सांगितलं, की माझ्या योजनेत तुला फारशी जागा नाही. तिने पोर्टलमध्ये नाव घातलं. तीन आठवडे फोन हातातून सुटत नव्हता. शेवटी एके ठिकाणी जागा मिळाली, सही झाली, आणि ऑगस्टमध्ये कळलं की तिच्या रसायनशास्त्राच्या निम्म्या क्रेडिट्स नव्या विद्यापीठाने मुख्य विषयासाठी धरल्याच नाहीत. खेळायची पात्रता टिकवायला पदवीची ठराविक टक्केवारी वेळेत पूर्ण असावी लागते. म्हणून तिने विषय बदलला. पुढे भेटली तेव्हा मी विचारलं, पस्तावलीस का? म्हणाली, "गेल्याचा नाही. तिथे मी रोज खेळले. पण सही करायच्या आधी क्रेडिट्सचं कोणीतरी लेखी सांगायला हवं होतं."

तिला जागा तरी मिळाली. दर वर्षी अनेकींना मिळत नाही, आणि पोर्टलमध्ये नाव घातल्यावर जुनं विद्यापीठ पुढच्या सत्रापासून शिष्यवृत्ती बंद करू शकतं. परदेशातून एफ-१ वर आलेल्या मुलींना नावावर पैसे मिळवण्याच्या वाटा व्हिसामुळे बहुतेक बंदच. २०२५ मध्ये महिलांचं पोर्टल २५ मार्चला उघडलं, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेतले शेवटचे सोळा संघ अजून खेळायचे होते तेव्हा. एकीकडे आयुष्यातला सर्वांत मोठा सामना, दुसरीकडे पुढच्या वर्षीची जागा भरून जाते आहे. असलं वेळापत्रक मुलींनी बनवलेलं नव्हतं.

आणि पैशाचं काय? २०२४ चा महिलांचा अंतिम सामना सुमारे १ कोटी ८९ लाख लोकांनी पाहिला, पुरुषांचा सुमारे १ कोटी ४८ लाखांनी. एनसीएएनेच नेमलेल्या वकिलांनी २०२१ च्या अहवालात म्हटलं होतं, की महिलांच्या या स्पर्धेचे प्रक्षेपण हक्क २०२५ मध्ये वर्षाला ८ कोटी १० लाख ते ११ कोटी २० लाख डॉलरचे ठरतील. २०२४ च्या सुरुवातीला एनसीएएने चाळीस स्पर्धांचे हक्क एकत्र विकले. त्यात महिला बास्केटबॉलची किंमत धरली वर्षाला साडेसहा कोटी. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनुसार पहिल्या वर्षी प्रत्येक विद्यापीठाला २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत रक्कम खेळाडूंना थेट वाटता येऊ लागली. अनेक मोठ्या विद्यापीठांनी वाटणीसाठी धरलेलं सूत्र असं: फुटबॉल ७५ टक्के, पुरुष बास्केटबॉल १५, महिला बास्केटबॉल ५, उरलेले सगळे खेळ ५. म्हणजे पूर्ण रक्कम वाटली तरी महिला संघाच्या वाट्याला साधारण दहा लाख डॉलर. साउथ कॅरोलायनाच्या डॉन स्टेली यांचा २०२५ च्या करारातला वर्षाचा पगार ४० लाख डॉलर आहे. त्या तेवढ्या लायक आहेतच. पण कोचच्या कष्टाचं मोल असं ठरतं आणि खेळाडूंच्या कष्टाचं तसं, हे बघून ठेवा.

१९७२ च्या टायटल नाइन कायद्याने शिक्षणात लिंगभेदाला बंदी घातली. ही नवी वाटणी त्या कायद्याखाली येते असं मार्गदर्शन केंद्रीय शिक्षण खात्याने जानेवारी २०२५ मध्ये दिलं, आणि सरकार बदलल्यावर फेब्रुवारीत मागे घेतलं. मग पाच टक्क्यांच्या त्या लहान ताटातून ज्याला त्याला जास्त घास हवा, म्हणून मुली हिंडतात. यात नवल ते काय?

विरोधकांचा एक मुद्दा मला मान्य आहे. लहान विद्यापीठं मुली घडवतात आणि मोठी उचलून नेतात. तिथल्या कोचची तक्रार खरी आहे. हायस्कूलमधून येणाऱ्या मुलींची संधीही यात कमी होते, कारण अनुभवी खेळाडू तयार मिळत असताना अठरा वर्षांच्या मुलीवर वेळ कोण घालवणार? पण यावर उपाय म्हणून मुलीचे पाय बांधायचे कशाला? जागतिक पुरुष फुटबॉलमध्ये तरुण खेळाडू घडवणाऱ्या क्लबला त्याला घेणाऱ्या क्लबने भरपाई द्यावी, असा फिफाचा नियम २००१ पासून आहे. जो नेतो त्याने मोजावं. इथेही ते शक्य आहे.

एनसीएए आणि मोठ्या विद्यापीठांना हवं आहे ते वेगळंच. २०२५ मध्ये प्रतिनिधिगृहात आलेलं स्कोअर विधेयक त्यांना मक्तेदारीविरोधी कायद्यापासून संरक्षण देऊ पाहतं आणि खेळाडूंना कर्मचारी मानू नये असं म्हणतं. म्हणजे नियम पुन्हा एकाच बाजूने ठरवायचे. मार्च २०२४ मध्ये डार्टमथच्या पुरुष बास्केटबॉल संघाने १३ विरुद्ध २ मतांनी युनियन करायचं ठरवलं, पण प्रतिकूल निकालाच्या भीतीने वर्षअखेर तो अर्ज मागे घ्यावा लागला. वाट मात्र तीच आहे.

संघ टिकवायचे असतील तर मुलींशी करार करा. दोन-तीन वर्षांचा, दोन्ही बाजूंना बांधणारा, त्यांच्या प्रतिनिधींशी वाटाघाटी करून ठरवलेला. पोर्टलमध्ये जागा मिळाली नाही तरी पदवीपर्यंत शिष्यवृत्ती चालू ठेवा. सहीच्या आधी क्रेडिट्सचा लेखी हिशेब द्या. आणि वाटणीला टायटल नाइन लावा. यानंतरही एखादी करार मोडून गेली, तर तिला निष्ठाहीन म्हणणाऱ्यांत मीही सामील होईन.

आपल्यातल्या अनेकांच्या मुली आता हायस्कूलच्या संघांतून खेळताहेत. त्यांतली एखादी उद्या या वाटेने जाईल आणि एप्रिलच्या एखाद्या रात्री फोन करून विचारेल, "आई, इथे नाही जमत, जाऊ का?" तेव्हा आपण तिला निष्ठेवर व्याख्यान देणार नाही. आपण विचारू, तिथे शिष्यवृत्ती किती वर्षांची आहे, लेखी आहे का, तुझ्या क्रेडिट्स धरतील का. हेच प्रश्न त्या दुसऱ्यांच्या मुलींच्या वतीनेही विचारूया. आपल्या भागातल्या काँग्रेस सदस्याला फोन करायला पाच मिनिटं लागतात.

बेसमेंटमधल्या त्या मित्राला हे पत्र पोचेलच. पुढचा सामना माझ्याकडे. वडे मी करीन, वाद तू सुरू कर.