प्लॉटचा दावा आणि कॉलेजातलं नाव

मिरग लागला की आपल्या पाड्यांवर दोन धावपळी एकाच वेळी सुरू होतात. एक भात पेरायची. दुसरी दहावी-बारावी पास झालेल्या पोरांना कॉलेजात नाव घालायची. पहिल्या धावपळीत सगळं घर असतं, म्हातारी माणसंसुद्धा बांधावर येऊन बसतात. दुसऱ्या धावपळीत पोर एकटं असतं. हातात पिशवी, पिशवीत मार्कांचा कागद आणि शाळा सोडल्याचा दाखला, अंगावर भिजलेले कपडे. तालुक्याला जायचं, रांगेत उभं राहायचं, आणि संध्याकाळच्या एस.टी.ने परत यायचं. विचारलं तर सांगतं, "साहेब नव्हते. सोमवारी बोलावलंय." असे तीन सोमवार गेले की कॉलेजची मुदत संपते. मग पोर लावणीला उतरतं आणि दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातं. घरात कुणी रडत नाही. म्हणतात, नशिबात नव्हतं.

आम्ही म्हणतो, हे नशीब नाही. प्लॉट नावावर होत नाही हे जसं नशीब नाही, तसंच हेही नाही. दोन्हीकडे कचेरी तीच आहे, आणि तिथं अडवायची रीतही तीच आहे. म्हणून पोरांचं कॉलेजात नाव घालणं हे एकेका घराचं काम न राहता संघटनेचं काम झालं पाहिजे. प्लॉटच्या दाव्याला आपण जेवढी ताकद लावतो तेवढी इथेही लावली पाहिजे. हे सगळ्यांना पटेल असं नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पोर अडतं कुठे ते आधी बघू. मार्क कमी म्हणून अडलेली पोरं थोडी. जास्त अडतात ती जातीच्या दाखल्यावर. आश्रमशाळेत असेपर्यंत निभावून जातं. पण पुढे राखीव जागा, सरकारी वसतिगृह, भारत सरकारची शिष्यवृत्ती, या तिन्हीला तो दाखला लागतो. अनुसूचित जमातींची यादी ६ सप्टेंबर १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने निघाली. म्हणून कचेरीत विचारतात, त्या तारखेच्या आधी तुमचा आजा कुठे राहत होता? कागद आणा. आज्याचा सातबारा आणा. आज्याचा शाळेचा दाखला आणा.

आता आपला आजा १९५० च्या आधी कुठे होता? तो सावकाराच्या वाड्यावर वेठीला होता. लग्नासाठी पैसे घेतले म्हणून जन्मभर लग्नगडी होता. १९४५ साली डहाणू आणि उंबरगाव तालुक्यांतल्या वारल्यांनी गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या बरोबर, किसान सभेच्या लाल बावट्याखाली, ती वेठ मोडली. तोपर्यंत आपल्या आज्याला सकाळी स्वतःच्या शेतावर जायची मोकळीक नव्हती, तो शाळेत कुठून जाणार? आणि जमीन तो कसत होता, पण सातबारावर नाव सावकाराचं, नाहीतर जंगल खात्याचं. म्हणजे आधी जमीन नावावर होऊ द्यायची नाही, मग नातवाला सांगायचं की जमिनीचा कागद नाही म्हणून तू आदिवासी आहेस हे सिद्ध होत नाही. जमिनीच्या कागदावाचून जातीचा कागद नाही, आणि जातीच्या कागदावाचून कॉलेज नाही. ही एकच गाठ आहे. ती दोन्ही टोकांनी सोडवावी लागेल.

कुणी म्हणेल, खोटे आदिवासी जागा खातात म्हणून तपासणी होते. खरं आहे. खोट्या दाखल्यावर आदिवासींच्या जागेवर कॉलेजात शिरलेल्यांच्या प्रकरणात १९९४ साली सुप्रीम कोर्टाने निकाल दिला आणि दाखले तपासायला पडताळणी समित्या नेमायला सांगितलं. त्या निकालाला आमचा विरोध नाही. चोर पकडलाच पाहिजे. पण आम्ही बघतो ते उलटं आहे. ज्याचा काका कचेरीत आहे, ज्याच्याकडे वकील आहे, त्याचे कागद कसे का होईना पुरे होतात. आणि ज्याच्या घरात वारली बोलतात, ज्याच्या भिंतीवर चौक लिहितात, त्याला विचारतात, पुरावा काय?

शिवाय जे कागद आपल्याकडे आहेत त्यांत चुका. गुरुजींनी नाव घालताना सगळ्या पाड्याची जन्मतारीख १ जून लिहून टाकली. सोमवारी जन्मला तो सोमा, बुधवारी जन्मला तो बुध्या, हे आपल्याला कळतं. पण एका कागदावर बुध्या, दुसऱ्यावर बुधाजी, तिसऱ्यावर बुधा लिहिलं की कारकून म्हणतो ही तीन माणसं आहेत. एकीकडे आडनाव आहे, दुसरीकडे नाही. बापाच्या दाखल्यावर जात लिहिलीय, आत्याच्या दाखल्यावर नुसतं हिंदू लिहिलंय. चूक लिहिणाऱ्याची, आणि वर्ष जातं पोराचं.

आमच्या शेजारच्या पाड्यावरचा एक पोरगा दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाला. त्याला सायन्सला जायचं होतं. दाखल्यासाठी जूनभर खेटे घातले. दाखला हातात आला तेव्हा गौरी-गणपती होऊन गेले होते. कॉलेजवाले म्हणाले, पुढच्या वर्षी या. पुढच्या वर्षी तो आलाच नाही, भट्टीवर उचल घेऊन बसला होता. तो दाखला अजून त्याच्या घरी कुडाला खोचलेला आहे. आम्ही त्याच्याकडे गेलो तेव्हा त्याची आई म्हणाली, "तुम्ही प्लॉटसाठी आमच्या दारात दहा वेळा आलात. पोराच्या कागदासाठी एकदा आला असता तर?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. हा लेख लिहायला त्या माउलीने लावलंय असं समजा.

आता आपल्यातल्याच लोकांचं म्हणणं. जुने कार्यकर्ते म्हणतात, शिकलेला पोरगा आपला राहत नाही. पॅन्ट घालतो, पाड्यावर यायला लाजतो, आपली भाषा बोलत नाही. कुणी गार्ड होतो आणि आपल्याच भावाचा कोयता-कुऱ्हाड जप्त करतो. हे आम्ही खोटं म्हणणार नाही. असं झालंय, डोळ्यांनी पाहिलंय. पण त्यावर उपाय काय, सगळ्यांनी अंगठाच ठेवायचा? तो अंगठा आपल्याला केवढ्याला पडला तेही आठवा. ३१ मार्च १९७८ पर्यंत कसत असलेले प्लॉट नावावर करायचं सरकारने १९७८ सालीच ठरवलं होतं. मग राहिलं का? कित्येक पंचनाम्यांत आपल्या म्हाताऱ्यांच्या नावावर लिहून ठेवलं की जंगल यंदाच तोडलं, आणि त्याखाली त्यांचाच अंगठा आहे. कुणी वाचून दाखवलं नाही. आणि ज्या दंडाच्या पावत्या जंगल खात्याने आपल्याला छळायला फाडल्या, त्याच पावत्या आपण तेव्हापासून तिथं कसत होतो याचा पुरावा आहेत. हे कळलं कधी? पाड्यावर चार पोरं वाचायला शिकली तेव्हा. तोवर किती घरांत त्या पावत्यांनी चूल पेटवली.

पोर तुटतं त्याचं कारणही नीट बघितलं पाहिजे. ज्याला पाड्याने काही दिलं नाही, तो पाड्याला काय देणार? एकट्याने खेटे घातले, एकट्याने उपाशी राहून परीक्षा दिली, तर त्याला वाटतं हे सगळं माझं मी मिळवलं. त्याच्या दाखल्यासाठी दहा माणसं तहसीलवर बसली असती, तर ते तो सहजी विसरला नसता. सगळे परत येतील अशी हमी आम्ही देत नाही. पण जो येईल तो या वाटेने येईल.

संघटनेची चूकही कबूल केली पाहिजे. मोर्चा निघाला की घोषणा द्यायला, पत्रकं वाटायला आम्ही शाळेतली पोरं नेली. परीक्षेच्या आठवड्यातसुद्धा नेली. पोरींच्या बाबतीत तर आम्ही बोललोच नाही. भाऊ वसतिगृहात राहतो आणि बहीण लहानग्यांना सांभाळायला घरी, हे संघटनेच्या घरांतही चालतं. पोरगी दहावी झाली की तिच्या लग्नाची बोलणी सुरू. आपल्या बाया मोर्चात पुढे असतात, पोलिसांसमोर उभ्या राहतात. त्यांच्या पोरींना कॉलेजचं दार बंद का? आधी आपल्या घरात हा प्रश्न विचारू, मग सरकारला विचारू.

तर करायचं काय? आमचं म्हणणं असं.

पहिलं, कागदाचं काम जूनमध्ये करायचं नाही. पोर नववीत किंवा अकरावीत गेलं की त्याच वर्षी सुरू करायचं, आणि राब भाजायच्या दिवसांपर्यंत दाखला हातात हवा. प्रत्येक पाड्याच्या समितीने अशा पोरांची यादी करावी. प्लॉटधारकांची यादी असते तशीच, त्याच वहीत.

दुसरं, आज्याचा सातबारा नसेल तर हात टेकू नका. गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी असतात. त्याला कोतवाल बुक म्हणतात, गाव नमुना १४. त्यात आपल्या आज्या-पणज्यांच्या घरच्या नोंदी जातीसकट सापडतात. तहसीलच्या रेकॉर्डमध्ये नक्कल मागता येते. जुन्या फेरफारात कूळ म्हणून नाव असू शकतं. बापाच्या बाजूच्या चुलत्याला, आत्याला, चुलतभावाला दाखला मिळाला असेल तर त्याची नक्कल घ्या. एका घराने शोधलेला कागद सगळ्या भावकीला उपयोगी पडतो, तो पेटीत लपवून ठेवू नका.

तिसरं, कचेरीत एकट्याने जायचं नाही. पाच-दहा पोरांचे अर्ज एकत्र द्यायचे, बरोबर समितीचा माणूस, आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा.

चौथं, पोटाचं. वसतिगृहात जागा मिळेपर्यंत आणि शिष्यवृत्ती हातात पडेपर्यंत महिने जातात. तेवढ्यात पोर परत येतं. मिरगात कुणाच्या घरी भात नसतो, तेव्हा मागून उपयोग नाही. म्हणून झोडणी झाली की खळ्यावरच घरटी एक पायली भात बाजूला काढावा. पाड्याची एक कणगी फक्त शिकणाऱ्या पोरांची.

पाचवं, सरकारकडे मागणी. प्रकल्प अधिकाऱ्यांनी उन्हाळ्यात आश्रमशाळेतच दाखल्यांचं शिबिर घ्यावं, पोरांना तालुक्याला नाचवू नये. जितकी पोरं पास होतात तितक्या वसतिगृहात जागा असाव्यात, मुलींच्या आधी. आणि शाळेच्या कागदात गुरुजींनी केलेल्या चुकीची शिक्षा पोराला नको.

यातलं शेवटचं सोडलं तर बाकी सगळं आपल्या हातात आहे. प्लॉटसाठी आपण लाठ्या खाल्ल्या, त्यामानाने हे काम सोपं आहे. फक्त ते आपलं मानलं पाहिजे.

यंदाच्या पाड्यापाड्यांच्या बैठकीत प्लॉटच्या दाव्यांची वही उघडाल, तेव्हा शेवटची चार पानं कोरी सोडा. त्यांवर पोरांची नावं लिहा, पोरींची आधी. आणि पुढच्या बैठकीत प्लॉटचं विचारतात तसं विचारा, याचं काय झालं, हिचं काय झालं?