एक्स्पोर्ट म्हणजे बॅकअप नव्हे!

आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटची. ‘एकोणसाठ’ म्हटलं की अजून डोक्यात गोंधळ होतो, तेव्हा शुद्धलेखन पोटात घाला. पण हा विषय मला कळला तो खामगावला मामांकडे, म्हणून मराठीतच लिहिते.

मामा एका छोट्या पतसंस्थेत आहेत. तिथला डेटाबेस पोस्टग्रेसवर. रोज रात्री नऊला पीजी-डम्पने एक्स्पोर्ट, तो पेनड्राइव्हवर, की सगळे निवांत. दिवाळीच्या सुट्टीत एके दिवशी संध्याकाळी सहाला हार्ड डिस्क गेली. एक्स्पोर्ट नीट चढला हो! पण तो आदल्या रात्रीचा. दिवसभराची पिग्मी गायब. एजंटांची पावतीपुस्तकं घेऊन आम्ही रात्री एकपर्यंत टाइप करत बसलो. एका भाजीवाल्या मावशींच्या ५० रुपयांची पावतीच सापडेना. मामांनी ते खिशातून भरले.

आपण व्हायव्हात ‘लॉजिकल’ आणि ‘फिजिकल’चा फरक घडाघडा सांगतो. खरा फरक असा: एक्स्पोर्ट म्हणजे मैत्रिणीच्या नोट्स स्वच्छ अक्षरात उतरवून काढणं. फिजिकल म्हणजे त्याच वहीची झेरॉक्स, शाईच्या डागांसकट. उतरवलेलं कुठल्याही नव्या वहीत चालतं. नवीन व्हर्जन, वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम, एकच टेबल हवं असेल तरीही. झेरॉक्सला पोस्टग्रेसचं तेच मोठं व्हर्जन लागतं आणि खराब झालेला ब्लॉकही जसाच्या तसा येतो.

मग झेरॉक्स कशाला? लॉगसाठी! प्रत्येक बदल आधी लॉगमध्ये लिहिला जातो: अमुक फाईल, अमुक ब्लॉक, हा बदल. ते लॉग दुसऱ्या मशीनवर साठवत गेलो तर जुन्या फिजिकल बॅकअपवर ते चढवून पावणेसहापर्यंत येता येतं. एक्स्पोर्टवर हे जमत नाही, कारण रिस्टोअर करताना फाईलीच नव्या तयार होतात; जुन्या लॉगला तो ब्लॉक ओळखीचाच नसतो. (मायएसक्यूएलवाले हात वर करतील. तिथे बायनरी लॉगची जागा नोंदवून ठेवली तर डम्पवरूनही पुढे जाता येतं. मान्य!)

आणि एक्स्पोर्ट झाला की नाही हे तरी कोण बघतं? ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबमध्ये एका इंजिनिअरने चुकून चालू डेटाबेसची डिरेक्टरी उडवली. पीजी-डम्पचे बॅकअप शोधले तर नव्हतेच! सर्व्हर ९.६, डम्प ९.२ चा, रोज चुपचाप फेल. वाचवलं ते सुमारे सहा तास आधी कुणीतरी सहज घेतलेल्या डिस्कच्या स्नॅपशॉटने, म्हणजे झेरॉक्सनेच. मधले सहा तास मात्र गेले ते गेलेच.

‘दोन्ही ठेवा’ हे उत्तर परीक्षेत मार्क देतं. पण जिथे लोकांचा पैसा आहे आणि एकच जमणार आहे, तिथे मी फिजिकल अधिक लॉग म्हणेन. कॉलेजच्या फेस्टच्या नोंदणीला एक्स्पोर्ट पुरे.

मामांकडे आता एक जुना पीसी लॉग घेतो. छोट्या संस्थेत १६ एमबीचा लॉग भरायला फार वेळ लागतो, म्हणून पाच मिनिटांनी तो आपोआप पाठवायची सेटिंग केली. मामांनी विचारलं, “म्हणजे पाच मिनिटांचं जाऊ शकतं? त्यात किती पिग्मी येते गं?”

मी मोजलं. संध्याकाळी, तीन.