रुग्णाची 'ई-साक्षरता' मोजायची कशी?

डॉक्टरांकडे नंबर लागेपर्यंत रक्ततपासणीच्या अहवालातील आकडे मोबाइलवर पडताळून पाहणारे रुग्ण शहरांत आता नवे राहिलेले नाहीत. माहिती हाताशी आली, हे खरे. पण ती शोधण्याची, पारखण्याची आणि स्वतःच्या आजाराला लावून पाहण्याची कुवत रुग्णाकडे कितपत आहे, हा प्रश्न त्यामुळे सुटलेला नाही. ही कुवत मोजण्याचे प्रयत्न सुमारे दोन दशकांपासून सुरू आहेत. मात्र, मोजमापच फसवे ठरू शकते, हा त्यातून मिळालेला मोठा धडा आहे.

कॅमेरॉन नॉर्मन आणि हार्वे स्किनर या कॅनडातील संशोधकांनी २००६ मध्ये 'ई-हील्स' ही प्रश्नावली प्रसिद्ध केली. तीत अवघी आठ विधाने आहेत. आरोग्याची उपयुक्त माहिती इंटरनेटवर कोठे मिळते हे मला ठाऊक आहे, चांगली आणि निकृष्ट माहिती मला वेगळी करता येते, अशा स्वरूपाच्या विधानांना रुग्णाने १ ते ५ गुण द्यायचे. किमान बेरीज ८, कमाल ४०. वाचन-लेखन, आरोग्य, माहिती, विज्ञान, माध्यमे आणि संगणक अशा सहा साक्षरतांचा मेळ या कुवतीमागे असतो, अशी त्यामागची मांडणी होती. सुटसुटीत असल्याने ही प्रश्नावली अनेक भाषांत गेली.

तिची मेख मात्र याच सुटसुटीतपणात आहे. येथे रुग्ण स्वतःच परीक्षार्थी आणि स्वतःच परीक्षक असतो. पहिल्याच संकेतस्थळावर विश्वास ठेवणारा स्वतःला पैकीच्या पैकी गुण देऊ शकतो. खरे-खोटे ओळखणे किती अवघड आहे याची जाण असलेला हात आखडता घेतो. नेदरलँड्समधील संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पडताळणीत नेमके यावरच बोट ठेवले. ई-हील्सचे गुण आणि प्रत्यक्ष संगणकावर आरोग्यविषयक माहिती शोधून दाखवण्यातील यश यांच्यात अपेक्षित संबंध आढळला नाही. पुढे २०१७ मध्ये तेथेच तयार झालेल्या नव्या साधनात २१ प्रश्नांच्या जोडीला करून दाखवण्याच्या ७ कृती समाविष्ट झाल्या. स्वतः मजकूर लिहिणे आणि खासगी माहिती जपणे या कौशल्यांचीही त्यात दखल घेण्यात आली. अर्थात, अशी चाचणी वेळखाऊ असते. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात ती घेणे सोपे नाही.

हा वाद केवळ संशोधकांपुरता नाही, याचा प्रत्यय भारतात २०२१ मध्ये आला. त्या वर्षी १ मेपासून १८ ते ४४ वयोगटासाठी कोविड लसीकरण खुले झाले, तेव्हा 'कोविन'वरील ऑनलाइन नोंदणी सक्तीची होती. मोबाइलवर आलेला ओटीपी टाका, पिनकोडवरून केंद्र शोधा आणि वेळ मिळवा, असा तो खटाटोप होता; तोही इंग्रजीतून. मुंबई-पुण्यातील सराईत तरुणांनी आसपासच्या ग्रामीण केंद्रांवरील जागा पटकावल्या आणि स्थानिक ग्रामस्थ ताटकळले, अशा तक्रारी तेव्हा झाल्या. सरकारी केंद्रांवर थेट नोंदणीची मुभा २४ मे रोजी मिळाली, तर कोविनवर मराठी अवतरली ती जूनमध्ये. या काळात ग्रामस्थांची कुवत बदलली नव्हती; बदलली होती ती व्यवस्था.

मोजमापाचा खरा उपयोग येथेच आहे. कमी गुण मिळाले म्हणून रुग्णाला 'अडाणी' ठरवून मोकळे होणे सोपे आहे. परंतु त्याच्या भाषेत माहिती नसेल, मजकूर बोजड असेल आणि जाहिरात व सल्ला यांतील सीमारेषाच पुसलेली असेल, तर ते गुण रुग्णाचे नसून माहिती देणाऱ्याचे आहेत. आरोग्यसेवा झपाट्याने मोबाइलवर सरकत असताना रुग्णाला प्रश्नावली देण्यापूर्वी रुग्णालयांनी आणि सरकारने स्वतःच्या संकेतस्थळांचीही परीक्षा घ्यायला हवी. अन्यथा सुविधा ऑनलाइन येतील आणि ज्याला त्यांची सर्वाधिक गरज आहे, तोच रांगेबाहेर राहील.